गुडघ्याला कुठे टोचतंय

गादीमास्तरांच्या दुकानात येऊन कोणी उभ्याउभ्या बोलून गेलं, असं गेल्या तीस वर्षांत घडलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं की मास्तर त्याला आधी बसवायचे. काम सोफ्याचं असो, खुर्चीचं असो नाहीतर दवाखान्यातल्या बाकाचं, माणूस बसला, जरा इकडेतिकडे सरकला, की मास्तर कानामागचा खडू काढून विचारायचे, "कुठे टोचतंय?" तो म्हणेल तिथे फुली. कोणाची फुली पाठीशी, कोणाची मांडीखाली. एका वकिलाने तर एकट्याने सोफ्यावर अकरा फुल्या मारून घेतल्या होत्या, आणि मास्तर त्या दिवशी फार खूश होते. तक्रार करणारं गिऱ्हाईक त्यांना आवडायचं. "छान आहे" म्हणून निघून जाणाऱ्याचा त्यांना मुळीच भरवसा नसे. असा माणूस घरी जाऊन शिव्या घालतो आणि पुढचा सोफा दुसरीकडून घेतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांचा दुसरा हट्ट घसरण्याबद्दलचा. बैठकीवर बसलेला माणूस बसला तिथेच राहिला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. रेक्झिनला दुकानाचा उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती. गुळगुळीत सोफ्यावर माणूस हळूहळू पुढे येत येत शेवटी जमिनीवर पोचतो, असं ते सांगत, आणि सांगताना स्वतः खुर्चीवरून तसे उतरून दाखवत. "माझ्या बैठकीवरून आजवर कोणी घसरलेलं नाही," हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं की शेजारचा औषधवाला ते त्यांच्या आधीच म्हणून टाकायचा.

अशा माणसाच्या घरात सात महिन्यांपूर्वी सून आली, आणि तिला काही टोचतच नव्हतं.

मुलगा जहाजावर नोकरीला. लग्नानंतर महिनाभर राहिला आणि गेला पाण्यावर. घरात उरले तिघं: मास्तर, त्यांच्या पत्नी मास्तरीणबाई आणि सूनबाई. सूनबाई चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. मुलगी हसरी, कामाला चटपटीत, सगळ्यांशी गोड. इतकी गोड की मास्तरांना काळजी वाटायला लागली. त्यांनी तिच्यासाठी खास उशी केली. "छान आहे बाबा." आठवड्याने मास्तरीणबाईंनी पाहिलं, तर उशी पायथ्याशी आणि सूनबाईच्या मानेखाली घडी घातलेली शाल. त्यांनी तिच्या आरशासमोर बसायला स्टूल केलं. "छान आहे बाबा." त्यावर बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, हे मास्तरांनी दारातून जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. विचारलं तर म्हणाली, "मला असंच आवडतं."

"ही आपल्याला परकं समजते," मास्तर रात्रीच्या जेवणानंतर भांडी पुसता पुसता बायकोला म्हणाले.

"परकं नाही हो. तुम्ही काही केलंत की तिच्यासमोर पोराच्या निकालाला उभे राहिल्यासारखे उभे राहता. कोणाची हिंमत होईल नापास करायची?"

मास्तरांना हे पटलं नाही, पण ताटली मात्र त्यांनी दोनदा पुसली.

मग एका रविवारी सकाळी सूनबाई चाकं लावलेली फळी काखेत मारून घरातून बाहेर पडली. पोहण्याच्या तलावामागे स्केटबोर्डचं मैदान होतं, तिथे शिकायला नाव घातलं होतं म्हणे. मास्तरीणबाई चकित झाल्या. "या वयात?" असं त्यांच्या तोंडावर आलं होतं, पण सूनबाई सत्तावीस वर्षांची होती आणि त्या स्वतः चाळिशीत स्कूटर शिकल्या होत्या, म्हणून त्यांनी ते गिळलं. मास्तरांनी फक्त विचारलं, "हे कुठून डोक्यात आलं?"

सूनबाईने एरवी टाळलं असतं. पण त्या दिवशी ती आनंदात होती. "लहानपणी आमच्या गल्लीत मोठा उतार होता, बाबा. सगळी पोरं फळ्यांवर बसून खाली यायची. मी खाली उभी राहून सगळ्यांच्या चपला सांभाळायचे. मला कोणी नाही म्हटलं नव्हतं. मीच म्हणायचे, जा तुम्ही, मी इथे बरी आहे." ती हसली. "तिथे एक मोठा रॅम्प आहे. त्यावरून एकदा खाली यायचंय. बस्स."

सात महिन्यांत तिने काही हवं आहे असं म्हटल्याची ही पहिलीच वेळ होती.

दुपारी ती परत आली तेव्हा हातात मैदानावरून भाड्याने आणलेले गुडघ्याचे पॅड होते. तिथली कोच कडक. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे तिला शिट्टीताई म्हणायचे. हेल्मेट, मनगटपट्ट्या, कोपराचे आणि गुडघ्याचे पॅड, यातलं एक जरी नसलं तरी ती रॅम्पला हात लावू देत नसे. हेल्मेट आणि बाकीचं सूनबाईने नवं घेतलं होतं. गुडघ्याच्या पॅडांचं माप मात्र दुकानात मिळालं नाही. मास्तरांनी ते भाड्याचे पॅड नाकाशी नेले आणि लगेच लांब धरले. आत बोट घालून दाबलं, तर फोमचा भुगा बाहेर आला. वरचं कडक टोपण तडकलेलं, पट्टे सैल.

"हे तू पायाला बांधलंस? माझ्या घरात राहून?"

झालं. संध्याकाळपर्यंत सूनबाई दुकानातल्या टेबलावर पाय सोडून बसली होती आणि मास्तर तिच्या गुडघ्याभोवती टेप गुंडाळत होते. त्यांनी सगळ्यात चांगला दाट फोम काढला. खाली मऊ, वर टणक, असे दोन थर चिकटवले. आणि वरून कडक टोपणाऐवजी कापड लावलं ते नाटकगृहाच्या खुर्च्यांचं उरलेलं: मोहरीसारखं पिवळं, त्यावर हाताच्या पंजाएवढी तपकिरी फुलं. जाडजूड, लव असलेलं, हात फिरवला तरी हात अडकावा असं. तीन तासांचं नाटक बघताना प्रेक्षक जागचा हलत नाही तो या कापडामुळे, असा मास्तरांचा दावा होता.

"कसे झालेत?"

सूनबाईने पॅड चढवले, वाकली, उठली. क्षणभर तिने हाताने वरचं कापड चाचपलं. मास्तर श्वास रोखून उभे होते.

"छान आहेत बाबा."

पुढचे दोन रविवार ती सपाटीवर आणि छोट्या उतारावर शिकली. तिसऱ्या रविवारी तिला मोठ्या रॅम्पवर जायचं होतं. ती घरी आली ती रिक्षाने. फळी डाव्या काखेत होती, कारण उजवा खांदा सुजला होता. हाड शाबूत, नुसता मुका मार, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

"काय झालं ग?"

"काही नाही बाबा. पाय घसरला."

खांद्याची सूज दहा दिवसांत उतरली. पण त्यानंतरच्या रविवारी सूनबाईचं डोकं दुखत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी तिच्या दुकानात चष्म्यांच्या चौकटी मोजायच्या होत्या. फळी कपाटामागे गेली. एकदा मास्तरीणबाईंनी विषय काढला, तर ती हसून म्हणाली, "राहू दे हो आई. मी इथे बरी आहे."

"मी इथे बरी आहे" हे शब्द मास्तरांनी ऐकले. चपला सांभाळणारी मुलगी पुन्हा उताराच्या खाली जाऊन उभी राहिली होती.

पॅड धुवून दोरीवर वाळत होते. एका पॅडाचा पट्टा उसवला होता, तेवढा शिवून ठेवावा म्हणून मास्तरांनी तो दुकानात नेला. सुईत दोरा ओवला आणि सवयीने कापड उजेडात धरलं. तीस वर्षं लोकांनी वापरलेलं कापड बघून मास्तरांना कोण कसा बसतो ते कळायचं. डावीकडे कलणारा, पाय हलवणारा, खिशात किल्ल्या ठेवणारा. घसरलेल्या माणसाखालची लव एका दिशेला झोपते आणि तिथे चकाकी येते. इथे लव जशीच्या तशी उभी होती. चकाकी नाही, ओरखडा नाही. उलट पट्ट्याची शिवण वरून खाली टराटरा गेली होती. म्हणजे पॅड जागच्या जागी राहिला, पाय त्याच्यातून पुढे गेला आणि पोर खांद्यावर आपटली.

मास्तरांनी सुई खाली ठेवली.

पाय घसरला नव्हता. कापडाने धरून ठेवला होता. त्यांच्या कापडाने.

त्या दुपारी दुकानाला कुलूप लावून मास्तर मैदानावर गेले. शिट्टीताई उतारावरची वाळू झाडत होती. मास्तरांनी पिशवीतून पिवळा पॅड काढून तिच्यासमोर धरला. "हा बघून तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोलले ना काका! मी विचारलं, वर कडक टोपण कुठंय? तर म्हणाली, आत बसवलंय, आमच्या बाबांची खास पद्धत आहे. इतकं कौतुकाने सांगितलं की मी नुसतं दाबून बघितलं. लागलंही आत काहीतरी टणक. चूक माझीच. कापड उसवून बघायला पाहिजे होतं."

मास्तर बाकावर बसले. पोरीला माहीत होतं. वाकून कापड चाचपलं तेव्हाच तिला कळलं होतं, आणि सासऱ्याचा चेहरा पडू नये म्हणून तिने खांदा सुजवून घेतला होता. त्यांना तिचा रागही आला आणि रडूही आलं.

"पण टोपण नसलं तर एवढं काय बिघडतं? फोम पहिल्या प्रतीचा आहे."

"काका, रॅम्पवर पडणं वेगळं. तोल गेला की गुडघे टेकायचे आणि टोपणांवर घसरत खाली यायचं. घसरलं की मार लागत नाही. अडकलं की लागतो."

मास्तरांनी हे वाक्य दोनदा म्हणायला लावलं. ज्या गोष्टीशी उभा जन्म वैर धरलं, तीच इथे माणसाला वाचवत होती. "मला बघायचंय," ते म्हणाले.

शिट्टीताईने त्यांना स्वतःचे सगळे पॅड, मनगटपट्ट्या आणि हेल्मेट दिलं आणि लहान उतारावर, जेमतेम कमरेएवढ्या उंचीवर, नेऊन गुडघ्यांवर बसवलं. त्रेसष्ट वर्षांचे मास्तर, कानामागे खडू, डोक्यावर पोपटी हेल्मेट. "सोडा हात," ती म्हणाली. त्यांनी सोडले. सर्रकन खाली आले आणि बाकाच्या पायाशी थांबले. कुठे काही लागलं नव्हतं. आजूबाजूला स्केटिंग करणाऱ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

"पुन्हा एकदा," मास्तर म्हणाले. धंद्याचा अभ्यास म्हणून ते सहा वेळा घसरले. शेवटच्या तीन वेळा अभ्यासात मोडत नव्हत्या, हे त्यांनी घरी सांगितलं नाही.

पुढचे चार दिवस दुकानातून करवतीचा आवाज येत होता. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहातल्या मोडक्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागे पडून होत्या. त्यांच्या पाठीला गुडघ्यासारखा गोलवा होता आणि वर काचेसारखी तकाकी. मास्तरांनी त्यातून टोपणं कापली, कडा घासल्या, फोमच्या पाठीवर खिळे न टोचता रिबिटांनी आणि शिवणीने बसवली. पिवळं कापड तेच ठेवलं, पण कडेला. दोन जोड केले, एक जाड आणि एक पातळ, कारण कोणता बरा ते त्यांना कळेना. शिट्टीताई दुकानात आली, ठोकून पाहिलं, मग मैदानावर नेऊन मोठ्या रॅम्पवरून दोन्ही जोड घालून स्वतः दहा-दहा वेळा पडली. दोन्ही पास. "आता तुमच्या सूनबाईला विचारा कोणता बसतो," ती म्हणाली.

इथेच तर घोडं अडत होतं. विचारलं की काय उत्तर येणार, ते मास्तरांना झोपेतही सांगता आलं असतं.

शनिवारी ते पिशवी घेऊन चष्म्याच्या दुकानात गेले आणि नजर तपासायच्या खुर्चीत जाऊन बसले. खुर्चीचा डावा हात सैल होता, पण आज ते दुसऱ्या कामाला आले होते.

"बाबा? डोळ्यांना काही होतंय का?"

"तपास तरी."

सूनबाईने त्यांच्या नाकावर जड चौकट बसवली, भिंतीवरची अक्षरं दाखवली आणि एकेक काच घालत गेली. "आता बघा. ही काच बरी की ही?"

"दोन्ही छान आहेत."

"नीट बघा. ही? का ही?"

"छान आहे ग. दोन्ही छान."

"बाबा, असं नसतं!" सूनबाईचा आवाज चढला. तो चढलेला मास्तर पहिल्यांदाच ऐकत होते. "तोंडदेखलं सांगायचं नाही इथे. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणालात, तर चुकीचा चष्मा बनेल आणि जिन्यावरून पडाल तुम्ही!"

मास्तरांनी चौकट काढली आणि हळूच मांडीवर ठेवली. "आणि रॅम्पवरून?" ते म्हणाले.

सूनबाईने त्यांच्याकडे पाहिलं.

"पाय घसरला नव्हता. माझं कापड अडलं. शिवण बघितली मी."

तिच्या हातातली काच तशीच राहिली. डोळे भरले. "तुम्ही इतक्या हौसेने केले होते. मी कसं सांगणार?"

"अगं, मी कारागीर माणूस. मला कोणी सांगितलंच नाही तर मी सुधारणार कधी? तुझा खांदा सुजला तेव्हा मला जितकं वाईट वाटलं, त्याहून जास्त हे कळल्यावर वाटलं. माझ्या तोंडाकडे बघून तू पडलीस. असं पुन्हा करायचं नाही." मग त्यांनी पिशवीतून दोन्ही जोड काढून तिच्यासमोरच्या टेबलावर मांडले, काचांच्या पेटीशेजारी. "आता तू बस या खुर्चीत. बांध. हा बरा की हा?"

तिने डोळे पुसले. पहिला जोड बांधून वाकली, मग दुसरा. "दोन्ही..."

मास्तरांनी बोट वर केलं.

ती थांबली. ओठ चावला. "पातळ," ती म्हणाली. "जाडात गुडघा वाकत नाही."

"शाब्बास!" मास्तर इतक्या मोठ्याने ओरडले की बाहेर चौकटी बघत बसलेलं गिऱ्हाईक दचकून उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर मास्तर आणि मास्तरीणबाई बाकावर बसले होते. मास्तरीणबाईंनी पाण्याची बाटली दोन्ही हातांत गच्च धरली होती. मोठा रॅम्प खालून फार मोठा दिसतो. सूनबाई वर पोचली, फळी कडेला लावली आणि तिथेच थिजली.

"आधी फळीशिवाय ये," शिट्टीताईने सांगितलं. "मुद्दाम पड."

सूनबाईने खाली पाहिलं. बाकाशी तिच्या चपला होत्या, आणि मास्तर त्यांच्यावर पाय ठेवून राखण करत बसले होते. तिला हसू आलं. तिने गुडघे टेकले आणि हात सोडले. टोपणं लाकडावर खरखरली आणि ती वरपासून खालपर्यंत एका दमात आली, चेहऱ्यावर भीती आणि आनंद एकत्र झालेले. थांबली तेव्हा गुडघ्यांवर बसून नुसती हसत होती.

मग फळी. पहिल्या वेळी तोल गेला, ती गुडघ्यांवर घसरत खाली आली. दुसऱ्या वेळीही. मास्तर दर वेळी तिच्याबरोबर बाकावर पुढे सरकत होते. तिसऱ्या वेळी तिने पुढचा पाय दाबला, फळी कडेवरून सुटली, ती वाकली, डगमगली, आणि उभीच्या उभी खाली येऊन मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. मास्तरीणबाईंच्या हातातली बाटली निसटली. शिट्टीताईने लांबलचक शिट्टी मारली.

सूनबाई फळी उचलून धापा टाकत बाकाशी आली. घामाने निथळत होती. मास्तर उठून उभे राहिले, निकालाला राहतात तसेच.

"कसे झालेत?"

तिने तोंड उघडलं, मिटलं. मग एक पाय पुढे केला.

"डावीकडचा पट्टा मागून टोचतोय," ती म्हणाली. "उजव्याची कड वर चढते. आणि हे कापड, बाबा... हे कापड भयंकर आहे. सगळं मैदान मला नाटकातली खुर्ची म्हणतंय. आणि ते आरशासमोरचं स्टूल उंच आहे. उशी तर दगड आहे नुसती!"

मास्तरीणबाई आ वासून बघत राहिल्या. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायच्या भानगडीत पडले नाहीत. त्यांनी कानामागचा खडू काढला, सूनबाईच्या पायाशी मांडी घालून बसले आणि पॅडवर पहिली फुली मारली.

"इथे?" त्यांनी विचारलं.

"नाही. जरा खाली."